माणशी साडेचारशे रुपये

आमच्या वाडीतला एक मुलगा अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीत आहे. त्याची चार वर्षं संपत आली. चारांतला फार तर एक कायम राहणार, बाकीचे ११ लाख ७१ हजारांच्या आसपास रक्कम घेऊन घरी. पेन्शन नाही. परवा त्याची आई म्हणाली, "गुरुजी, पेन्शन नाय, मग ती मिलिटरी कसली?" तेव्हापासून मी जुने अर्थसंकल्प काढून बसलो आहे.

तिचा प्रश्न कोकणात फार जुना. दापोलीला लोक आजही कॅम्प दापोली म्हणतात. कंपनी सरकारची तिथे छावणी होती, पुढे पेन्शनरांची वस्ती झाली. बाबासाहेबांचे वडील, सुभेदार रामजी, निवृत्त झाल्यावर काही काळ तिथेच राहिले. इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा त्याविरुद्ध अर्ज लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर हेही तिथलेच पेन्शनर. कातळावर भात किती पिकणार? चूल पेटायची ती मुंबईच्या आणि पलटणीच्या मनीऑर्डरीवर.

स्वातंत्र्यानंतरची वर्षं भराभर ओलांडतो. १९६२-६३ची संरक्षणाची तरतूद ३७६ कोटी, म्हणजे माणशी आठ रुपये. चीनकडून मार खाल्ला, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि पुढच्याच वर्षी ८६७ कोटी झाले, माणशी एकोणीस. १९६५ आणि १९७१वर पुष्कळ लिहून झालं आहे.

माझं मन अडकतं ते नव्वदच्या दशकात. १९९०चा अर्थसंकल्प मांडला आमच्या राजापूरचे खासदार मधु दंडवते यांनी. संरक्षणाला १५,७५० कोटी, माणशी एकशे सत्त्याऐंशीच्या घरात. पुढच्या वर्षी देशाला सोनं गहाण टाकावं लागलं. तरतूद १६,३५० कोटी झाली, म्हणजे वाढ चार टक्क्यांच्याही आत आणि महागाई तेरा टक्क्यांवर. रुपया घसरला, सोव्हिएत संघ कोसळला, सुटे भाग मिळेनासे झाले. त्या वर्षी हात आखडणं भागच होतं, हे मला मान्य आहे. पण पुढे त्याची सवय लागली. बोफोर्सच्या ४१० तोफांनंतर त्या खरेदीतल्या लाचेच्या आरोपांच्या धास्तीने नव्या तोफेच्या कागदावर कोणी सही करेना. खरेदीसाठी ठेवलेले पैसे न वापरता परत जात. आणि आमच्याकडच्या व्याख्यानमालांतून शहाणी माणसं सांगत होती की आता युद्धं संपली, सैन्यावर खर्च कशाला? मी त्यांना टाळ्या दिल्या आहेत. त्या टाळ्यांची मला आजही लाज वाटते, आणि त्या वक्त्यांचा रागही जात नाही.

१९९९चा मे महिना उजाडला तेव्हा वर्षाची तरतूद होती ४५,६९४ कोटी. लोकसंख्या शंभर कोटींच्या उंबरठ्यावर. माणशी साडेचारशे रुपये. कारगिलच्या कड्यांवर पोरं चढली तेव्हा बर्फातले कपडे पुरेसे नव्हते. शत्रूची तोफ कुठून डागते आहे ते दाखवणारं रडार नव्हतं. ५२७ जवान गेले. आमच्या शाळेत पत्र्याचा डबा फिरला. मुलांनी खाऊचे रुपये टाकले, एका मुलीने कानातलं काढून दिलं. ते मी परत केलं. साडेचारशेंत जे राहून गेलं होतं, ते आम्ही त्या डब्यातून भरू बघत होतो.

पुढच्या वर्षी तरतूद एकदम ५८,५८७ कोटींवर गेली. बोफोर्सनंतरच्या नव्या परदेशी बनावटीच्या तोफा मात्र देवळालीत समारंभाने दाखल झाल्या त्या २०१८च्या नोव्हेंबरात.

२०२५-२६ला आकडा होता ६,८१,२१० कोटी, माणशी चार हजार सहाशेंच्या वर. त्यातले १,६०,७९५ कोटी पेन्शनचे, माणशी अकराशे. नव्वदच्या दशकातल्या आकड्यांत पेन्शन धरलेली नव्हती, एवढं तुलना करताना ध्यानात ठेवायला हवं. या अकराशेंना आता 'बोजा' म्हणतात. मला तो शब्द सहन होत नाही. माझे थोरले काका हवालदार म्हणून परत आले. त्यांच्या पेन्शनीवर घराची कौलं बदलली, दोन बहिणी कॉलेजात गेल्या. नव्वदच्या दशकात त्यांच्यानंतर निवृत्त झालेल्या हवालदाराला त्यांच्यापेक्षा जास्त मिळू लागलं, तेव्हा ते वर्षानुवर्षं अर्ज करत राहिले. 'एक पद, एक पेन्शन' २०१५ला जाहीर झालं. काका तोवर राहिले नव्हते.

नव्वदीत कात्री लागली ती जवानाच्या कपड्यांना, आता लागली ती त्याच्या म्हातारपणाला.

वाडीतला तो मुलगा मे महिन्यात रजेवर आला होता. मुंबईत कुठल्या सोसायटीत वॉचमनची जागा आहे का, विचारत होता. वय वर्षं बावीस.