तारेची जाडी आणि विहिरीचे अंतर

विहिरीवर विजेचा पंप बसविण्याची तजवीज सुरू झाली की मोटारीची अश्वशक्ती, पंपाचे टप्पे आणि स्टार्टरचा दर्जा यांची चौकशी शेतकरी दहा ठिकाणी करतो. परंतु खांबापासून विहिरीपर्यंत ज्या तांब्याच्या केबलीतून ही सारी शक्ती वाहून यावयाची, तिची जाडी मात्र बहुधा दुकानदाराच्या मर्जीवर किंवा हाती उरलेल्या रकमेवर सोपविली जाते. पुढे मोटार जळाली म्हणजे दोष कंपनीच्या माथी मारून सर्व मंडळी मोकळी होतात.

तारेची पहिली कसोटी उष्णतेची. तांबे उत्तम वाहक खरे, तथापि त्यालाही रोध असतोच, आणि त्यातून जाणारा प्रवाह दुप्पट झाला की निर्माण होणारी उष्णता चौपट होते. तारेवरचे साधे पीव्हीसीचे आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच निर्वेध टिकते. म्हणून किती चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेतून किती अँपिअर न्यावेत, याचे कोष्टक उत्पादक देत असतात. विदर्भातल्या वैशाखात, किंवा एकाच नळीत पाच-सहा तारा कोंबलेल्या असताना, कोष्टकातील आकडाही थोडा उतरवूनच धरावा लागतो.

बहुतेक वायरमन याच कसोटीपाशी थांबतात. शेतावर मात्र खरा निवाडा दुसऱ्या कसोटीने, म्हणजे अंतराने होतो. ५ अश्वशक्तीची थ्री-फेज मोटार घ्या. ४१५ व्होल्टवर ती सुमारे ८ अँपिअर प्रवाह घेते, आणि दीड चौरस मिलिमीटरची तार तेवढा प्रवाह सहज पेलते; तेव्हा कोष्टकाच्या हिशेबाने ती मंजूरच ठरते. पण खांबापासून मोटारीपर्यंतचे अंतर, विहिरीची खोली धरून, ३०० मीटर असेल, तर या तारेत सुमारे ४० व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. खेड्यातला दाब मुळातच बेताचा. त्यात ही घट पडली की तेवढेच पाणी उपसण्यासाठी मोटार अधिक प्रवाह ओढते, तिचे वाइंडिंग तापते आणि आयुष्य झपाट्याने घटते. सुरू होताना तर ती नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह मागते, आणि फिरविण्याचे बल दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात उतरत असल्यामुळे ती न फिरता नुसतीच घुमत राहते. त्याच अंतरावर ४ चौरस मिलिमीटरची तार घातली तर घट १५ व्होल्टांच्या आसपास येते. मोटारीसाठी ही घट पाच टक्क्यांच्या आत राखावी, असा सर्वसाधारण शिरस्ता आहे.

तार जाड घेतल्याने पैसे अधिक पडतात, हा आक्षेप रास्त आहे. मात्र त्या हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. वरील उदाहरणात बारीक तार सुमारे ७०० वॅट शक्ती नुसती तापण्यात दवडते, तर जाड तार २६५ वॅट. वर्षाकाठी हजार तास पंप चालला, तर हा फरक ४३० युनिटांच्या घरात जातो. विल्यम थॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून विख्यात झाले, त्यांनी १८८१ साली हाच विचार सूत्रबद्ध केला: तारेवर घातलेल्या भांडवलाचा वार्षिक भार आणि तारेत वाया जाणाऱ्या विजेची वार्षिक किंमत जिथे समसमान होते, तीच जाडी सर्वांत किफायतशीर. आकारणी अश्वशक्तीवर होते तिथे ही गळती शेतकऱ्याच्या बिलात उमटत नाही. ती मोटारीच्या वाइंडिंगवर मात्र अवश्य उमटते.

तिसरी बाब संरक्षणाची. मोटारीचा प्रवाह, त्याहून किंचित मोठा फ्यूज अथवा एमसीबी आणि त्याहूनही अधिक पेलणारी तार, हा क्रम कधीही मोडता कामा नये. फ्यूज वारंवार उडतो म्हणून किटकॅटमध्ये जाड तार पिळून घालणे म्हणजे जे फ्यूजने वितळायचे ते केबलीने वितळावे, अशी व्यवस्था करणे होय. घरातही हाच नियम लागू आहे: २ किलोवॅटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर घेतो, म्हणून त्याला दिव्यांच्या दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर न जोडता अडीचची स्वतंत्र तार द्यावी.

तेव्हा दुकानाची पायरी चढण्यापूर्वी दोन आकडे कागदावर लिहून न्यावेत: मोटारीच्या पट्टीवर कोरलेले अँपिअर, आणि टेपने प्रत्यक्ष मोजलेले अंतर. अंतर न विचारता तार देणाऱ्या दुकानदाराकडून ती घेऊ नये.