कंटेनरचे घर : कापण्यापूर्वी मोजा

महामार्गावरून कागल पंचतारांकित एमआयडीसीकडे वळणारे कंटेनर आपण नेहमी पाहतो. अशाच जुन्या कंटेनरांतून आता देखणी, ऐसपैस घरे उभी राहतात. पण कंटेनर स्वस्तात मिळाला म्हणून घर स्वस्त पडत नाही.

१९५६ मध्ये अमेरिकेच्या माल्कम मॅक्लीन यांनी ५८ कंटेनर जहाजावर चढवले, ते मालासाठी, राहण्यासाठी नव्हे. कंटेनर आतून जेमतेम ७ फूट ८ इंच रुंद असतो. उष्णतारोधक थर व पॅनेल बसले की सात फूट उरतात. मधोमध दस्तरख्वान अंथरून दोन्ही बाजूंना पाहुणे बसले, तर वाढणाऱ्याला पाय ठेवायला जागा नाही!

म्हणून दोन कंटेनर शेजारी ठेवून मधल्या भिंती काढतात. मात्र भार चार कोपऱ्यांच्या खांबांवर असतो आणि पन्हाळीदार भिंती सांगाडा ताठ ठेवतात. भिंत कापली की छत झोल खाते. तिथे लोखंडी तुळया, खांब जोडावेच लागतात. वेल्डिंग कारागीर करील; हिशेब मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरचाच हवा.

पत्रा उन्हात तापतो. त्यामुळे वर हवा खेळेल एवढे अंतर सोडून दुसरे छप्पर घालावे. तळाच्या प्लायवुडला बहुधा कीटकनाशक लावलेले असते. दारावरच्या पाटीवर त्याची नोंद सापडते. घरात बाळ रांगणार असेल, तर तो तळ बदललेलाच बरा.

कंटेनरच्या किमतीशेजारी क्रेन, पाया, तुळया, छप्पर असे सारे खर्च मांडा. ती बेरीज विटांच्या घराशी ताडून पाहा, मगच बयाणा द्या.