शेराला सव्वाशेर

सिंहाला मारून खाणारा प्राणी कोणता? खऱ्या जंगलात असा कुणी सापडेना, तेव्हा आपल्या पूर्वजांनी तो चक्क घडवला. त्याचं नाव शरभ.

आणि घडवला तरी किती हुशारीने! महाभारताच्या शांतिपर्वात एका ऋषीच्या आश्रमातलं कुत्रं आहे. त्याच्यावर बिबट्या चालून येतो, तर ऋषी कुत्र्याला बिबट्या करतो. मग वाघ येतो, कुत्र्याचा वाघ होतो. पुढे हत्ती, पुढे सिंह. आता सिंहापुढे कोण उरलं? कथाकार अडत नाही. आठ पायांचा, वर डोळे असलेला शरभ तो पुढ्यात आणून उभा करतो! पहिल्या चार पायऱ्या ओळखीच्या, त्यामुळे पाचवीवर पाय टाकताना आपल्याला शंकासुद्धा येत नाही. (शरभ झालेलं कुत्रं शेवटी ऋषीलाच खायला बघतं आणि पुन्हा कुत्रं होतं, ते वेगळं.)

पुराणांनी तर कमालच केली. हिरण्यकशिपूला फाडूनही नरसिंहाचा राग शमेना, तेव्हा शिवाने शरभरूप घेऊन त्याला आवरलं, असं शैव पुराणं सांगतात. वैष्णव ऐकून घेतील? त्यांच्या कथांत शरभालाही भारी पडणारा दोन डोक्यांचा पक्षी अवतरला: गंडभेरुंड.

पण मला खरा थक्क करतो तो पाथरवट. कवी ‘प्रचंड’ म्हणून मोकळा होतो. हातभर दगडात प्रचंड जनावर दाखवायचं कसं? शिवनेरीसारख्या आपल्या कितीतरी किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ आहेत. जंजिऱ्याच्या दरवाजावरचा बघा: मांजरीने उंदीर धरावेत तसे त्याने पंजात हत्ती धरलेत! हत्ती केवढा असतो हे आपल्याला ठाऊक. मग कधीच न पाहिलेल्या प्राण्याचं माप डोळा आपोआप काढतो. आठ पाय मात्र पाथरवटाने गाळले. बरंच केलं म्हणायचं. चार पायांचा, वाघासिंहाच्या वळणाचा शरभ जास्त खरा वाटतो, म्हणूनच त्याची जास्त भीती वाटते.

दक्षिणेत त्याला आणखी एक अवयव मिळाला. सिंहाचं धड आणि हत्तीची सोंड! मारणारा आणि मरणारा एकाच अंगात. कर्नाटक सरकारच्या राजमुद्रेवर असे दोन शरभ आजही आहेत आणि त्यांच्या मधोमध आहे त्यांचा जुना वैरी, गंडभेरुंड.