बाभळीच्या शेंगांचा चारा

बाभळीच्या शेंगांचा चारा हा दख्खनच्या पठारावरील कोरडवाहू भागात शेळ्यामेंढ्यांना उन्हाळ्यात दिला जाणारा पूरक आहार आहे. बाभूळ (शास्त्रीय नाव वाचेलिया निलोटिका, पूर्वीचे अकेशिया निलोटिका) हा शिंबावंत कुळातील काटेरी वृक्ष असून त्याच्या शेंगा करड्या, लवदार आणि प्रत्येक बीजागणिक आवळलेल्या, मण्यांच्या माळेसारख्या असतात.

सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या प्रदेशात, उदाहरणार्थ माण, खटाव, सांगोला, आटपाडी या तालुक्यांत, माळरानावरील गवत हिवाळा सरताच वाळते. वाळल्या गवतात प्रथिनांचे प्रमाण बहुधा ३ ते ५ टक्केच उरते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील सूक्ष्मजीवांना काम करण्यासाठी आहारात साधारण ७ टक्के प्रथिने लागतात. त्याखाली गेल्यास पोटात गवत असूनही ते नीट पचत नाही आणि जनावर खंगत जाते. बाभळीच्या शेंगा नेमक्या याच काळात, उन्हाळ्याच्या तोंडाशी पिकू लागतात व त्यांत सुमारे १० ते १५ टक्के प्रथिने असतात. धनगर व इतर पशुपालक आकडीने फांद्या हलवून शेंगा पाडतात. विकतची पेंड परवडत नसलेल्या कुटुंबाला गाभण व दुभत्या शेळ्या पावसाळ्यापर्यंत तगवण्यासाठी हा मोठाच आधार ठरतो.

==टॅनिन आणि पचन==
शेंगांतील प्रथिनांचा आकडा पाहून त्या पेंडीच्या बरोबरीच्या मानणे चुकीचे ठरते. त्यांत टॅनिन भरपूर असते. कातडी कमावण्यासाठी बाभळीची साल व शेंगा वापरल्या जातात त्या याच गुणामुळे. टॅनिन प्रथिनांना बांधून ठेवते. अल्प प्रमाणात हे उपयुक्तही असते, कारण काही प्रथिने पहिल्या पोटात न कुजता आतड्यापर्यंत पोहोचतात. प्रमाण वाढले की मात्र जनावराचे खाणे मंदावते आणि पचन बिघडते. शेळ्या गाईंपेक्षा टॅनिन अधिक सोसतात, तरीही शेंगा गवत किंवा कडब्यास जोड म्हणूनच द्याव्या लागतात.

दुसरी अडचण बीजांची. शेंगेतील बरीच प्रथिने बीजात असतात, पण कठीण कवचामुळे न चावलेले बी जसेच्या तसे बाहेर पडते. शेळ्या रवंथ करताना अशा अनेक बिया थुंकून टाकतात. पोटातील पाचकरसांनी कवच मऊ झालेल्या या बिया लवकर रुजतात, म्हणून शेळ्यांच्या वाड्यातून गोळा केलेले बी लागवडीसाठी वापरण्याची पद्धत आहे. आहार म्हणून पूर्ण उपयोग हवा असेल, तर शेंगा वाळवून भरडणे श्रेयस्कर.

==इतर वृक्षांच्या शेंगा==
सर्व शेंगा सारख्या सुरक्षित नसतात. बाभळीच्याच नात्यातील हिवराच्या पाल्याशेंगांत हायड्रोसायनिक आम्ल तयार होऊ शकते आणि उपाशी शेळ्यांनी त्या अधाशीपणे खाल्ल्यास विषबाधा संभवते. सुबाभळीत मिमोसिन हे विषारी द्रव्य असते.

वेडी बाभूळ (प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा) ही मूळची अमेरिका खंडातील. तिचा पाला जनावरे सहसा खात नाहीत, परंतु पिवळसर शेंगा साखरेमुळे गोड लागतात आणि अवर्षणात आवडीने खाल्ल्या जातात. दीर्घकाळ केवळ याच शेंगांवर ठेवलेल्या गाई व शेळ्यांत जबड्याच्या चेता निकामी होतात. ब्राझीलमध्ये या रोगाला 'वाकडे तोंड' अशा अर्थाचे नाव आहे. शिवाय अख्ख्या बिया शेणालेंड्यांतून सर्वत्र पसरून गायरान काटेरी झुडपांनी व्यापले जाते. भरडलेल्या शेंगांचा हा धोका राहत नाही.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये आपल्या साध्या बाभळीनेच असा प्रताप केला आहे. सावली व चाऱ्यासाठी तेथे नेलेली ही झाडे गुरांनी खाल्लेल्या शेंगांमधून गवताळ कुरणांवर पसरली आणि आता तेथे तिची गणना राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांत होते.