नववी ते बारावी : कॅथलिक कन्याशाळांचा अभ्यासक्रम आणि गडचिरोलीच्या मुली

दहावीनंतर मुलीने कोणती शाखा घ्यावी, हा प्रश्न गडचिरोली जिल्ह्याच्या अंतर्भागात तिच्या आवडीवर किंवा गुणांवर सुटतोच असे नाही. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात कोणती शाखा आहे, तेथे जाणारी बस किती वाजता सुटते आणि वसतिगृहात जागा मिळते की नाही, यांवर तो अनेकदा ठरतो. विज्ञान शाखेची सोय दूर असेल तर भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातील मुलगी कला शाखेत नाव घालते, आणि त्याबरोबर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र पंधरा-सोळाव्या वर्षीच तिच्या हातून सुटतात. महाविद्यालयीन शिक्षणाची तयारी करून घेणाऱ्या कॅथलिक कन्याशाळांचा अभ्यासक्रम या जिल्ह्यातील पालकांनी व शिक्षकांनी समजून घ्यावा असा आहे, तो याच कारणामुळे. कारण विषयांची दारे मुलीच्या हातून लवकर बंद होऊ नयेत, हेच त्या अभ्यासक्रमाच्या रचनेचे मुख्य तत्त्व आहे.

या शाळांचा उगम धर्मभगिनींच्या, म्हणजे अविवाहित राहून प्रार्थना व सेवेचे व्रत घेतलेल्या स्त्रियांच्या, संघांमध्ये आहे. त्यांपैकी ‘सोसायटी ऑफ द सेक्रेड हार्ट’ हा संघ मादलेन सोफी बारा यांनी फ्रान्समध्ये 1800 साली, राज्यक्रांतीच्या धामधुमीनंतर स्थापन केला. बारा यांचे वडील लाकडी पिंपे बनविणारे कारागीर होते. परंतु धर्मगुरू होण्याचे शिक्षण घेतलेल्या थोरल्या भावाने त्यांना लॅटिन, ग्रीक आणि गणित हे त्या काळी मुलग्यांसाठी राखून ठेवलेले विषय घरीच, आणि बरेच कठोरपणे, शिकविले. पुढे संघाच्या शाळांसाठी अभ्यासाचा लेखी आराखडा तयार झाला, तेव्हा मुलींना शिवणकाम, संगीत व शिष्टाचार एवढेच शिकवून थांबू नये, तर वाचन, तर्क आणि लेखन यांचीही शिस्त त्यांना लावावी, हा आग्रह त्यात आला, आणि त्यामागे बारा यांचे स्वतःचे शिक्षण होते हे उघड आहे. याच संघाच्या फिलिपीन ड्यूशेन यांनी 1818 मध्ये अमेरिकेतील मिसुरी प्रांतात शाळा काढली, आणि याच संघाने मुंबईत 1940 साली सोफिया महाविद्यालय स्थापन केले, जेथे पदवीच्या वर्गांबरोबर अकरावी-बारावीचे कनिष्ठ महाविद्यालयही चालते.

अमेरिकेतील अशा कन्याशाळेत नववी ते बारावी ही चार वर्षे मिळून शिक्षणाचा एकच टप्पा मानला जातो. प्रत्येक विषयाच्या वर्षभराच्या अभ्यासाला एक एकक धरतात. सुमारे 120 तासांच्या अध्यापनाला एक एकक मानण्याची रीत विसाव्या शतकाच्या आरंभी कार्नेगी प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने रूढ झाली. इंग्रजी भाषा व साहित्य चारही वर्षे, गणित तीन किंवा चार वर्षे, प्रयोगशाळेसह विज्ञान तीन वर्षे, इतिहास व नागरिकशास्त्र तीन वर्षे, एखादी परकी भाषा दोन किंवा तीन वर्षे, आणि यांच्या जोडीला कला, शारीरिक शिक्षण व धर्मशिक्षण, असा साधारण साचा असतो, जरी शाळेगणिक त्यात थोडाफार फरक पडतो. चित्रकलेत रमणाऱ्या मुलीलाही बीजगणित आणि रसायनशास्त्र पूर्ण करावेच लागते, आणि वैद्यकाकडे जाऊ पाहणाऱ्या मुलीलाही कादंबरी वाचून तिच्यावर सविस्तर निबंध लिहावाच लागतो. ज्या मुलींची तयारी अधिक असते त्या ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या नावाचे वरच्या पातळीचे वर्ग घेतात; 1955 पासून हा कार्यक्रम ‘कॉलेज बोर्ड’ ही संस्था चालविते, त्याच्या परीक्षा घेते, एक ते पाच अशी श्रेणी देते, आणि वरची श्रेणी मिळाल्यास काही विद्यापीठे पहिल्या वर्षातील तेवढ्या विषयाची सूट देतात.

या सगळ्यात लेखनाला दिलेले स्थान विशेष लक्ष देण्याजोगे आहे. तेथील निबंध पाठ करून उतरविण्याचा नसतो. विद्यार्थिनीने एखादे विधान मांडायचे, त्यासाठी मजकुरातून पुरावा द्यायचा, शिक्षिकेने चुका दाखवायच्या आणि मग तोच निबंध पुन्हा लिहायचा, असे ते काम वर्षभर चालते. महाराष्ट्रातील शाळांतूनही हे करता येणार नाही असे मुळीच नाही, आणि त्याला इमारत, संगणक किंवा इंग्रजी माध्यम यांपैकी कशाचीही गरज नाही; मात्र शिक्षकाला वह्या वाचण्याइतका वेळ मिळाला पाहिजे, ही अट आहे.

दुसरी महत्त्वाची व्यवस्था समुपदेशकाची. नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलीला एक समुपदेशिका नेमून दिलेली असते, आणि पुढील चार वर्षांत कोणते विषय घेतल्यास कोणता मार्ग खुला राहील, शिष्यवृत्तीचा अर्ज केव्हा करायचा, कोणत्या महाविद्यालयाची अट काय आहे, हे ती मुलीला व तिच्या आईवडिलांना वेळोवेळी सांगत राहते. शिकलेल्या घरातील मुलीला ही माहिती आपोआप मिळते. ज्या घरातून पहिलीच मुलगी महाविद्यालयात जाणार आहे, तेथे शाळेने सांगितली नाही तर ती कोणीच सांगत नाही. केवळ मुलींची शाळा असल्याने अभ्यासात किती फरक पडतो याविषयी संशोधकांत एकमत नाही, परंतु दूरच्या गावातून मुलीला वसतिगृहात पाठविण्यास पालक तयार होतात की नाही, याच्याशी त्या गोष्टीचा निकटचा संबंध आहे आणि वनप्रदेशात तो दुर्लक्षिता येत नाही.

धर्मशिक्षणाचा भाग भारतात जसाच्या तसा येत नाही. संविधानाच्या अनुच्छेद 30 ने अल्पसंख्याक समाजांना स्वतःच्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. त्याच वेळी अनुच्छेद 28 नुसार शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणास बसविता येत नाही. म्हणून अशा शाळांत इतर धर्मीय मुलींसाठी मूल्यशिक्षणाचा तास असतो.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या पालकांना ‘कार्मेल’ हे नाव शाळांच्या पाट्यांवरून परिचित आहे. हे दोन्ही जिल्हे ज्या चांदा धर्मप्रांतात येतात त्याचे मुख्यालय बल्लारपूरला आहे आणि त्याची सुरुवात 1962 मध्ये केरळातील कार्मेलाइट धर्मगुरूंच्या हाती सोपविलेल्या कार्यक्षेत्रातून झाली. त्या परंपरेचे एक संस्थापक कुरियाकोस एलियास चावरा यांनी एकोणिसाव्या शतकात प्रत्येक चर्चला जोडून शाळा असावी असा आदेश काढला होता आणि 1866 मध्ये स्त्रियांचा संघही उभा केला होता. या भागातील अशा शाळांत मुलगे-मुली बहुधा एकत्र शिकतात, त्यामुळे वर वर्णन केलेली कन्याशाळा येथे तंतोतंत सापडत नाही. परंतु शिक्षण हेच प्रमुख सेवाकार्य मानण्याचा वारसा तोच आहे.

या वारशाची एक काळी बाजूही सांगितलीच पाहिजे. फिलिपीन ड्यूशेन वयाची सत्तरी ओलांडल्यावर, 1841 मध्ये, पोटावाटोमी या आदिवासी समाजात राहावयास गेल्या. त्या समाजाची भाषा ड्यूशेन यांना शिकता आली नाही, आणि सतत प्रार्थना करणारी स्त्री म्हणून त्या लोकांनी त्यांना ओळखले. भाषा शिकता न येणे ही त्यांची खंत होती, परंतु पुढच्या काळात अमेरिका व कॅनडातील अनेक निवासी शाळांनी, ज्यांत चर्चच्या शाळाही होत्या, आदिवासी मुलांना त्यांची भाषा बोलण्यासच मनाई केली. कॅनडातील या शाळांबद्दल पोप फ्रान्सिस यांनी जुलै 2022 मध्ये तेथे जाऊन क्षमा मागितली. माडिया, गोंडी, छत्तीसगढी, तेलुगू, बंगाली आणि झाडीबोली ज्या एका जिल्ह्यात ऐकू येतात, तेथे कोणत्याही चांगल्या अभ्यासक्रमाची पहिली कसोटी मुलीची घरची भाषा तो लाजिरवाणी ठरवितो का, हीच असली पाहिजे.

महाराष्ट्रात कोठारी आयोगाच्या शिफारशीनंतर 1970 च्या दशकात 10+2+3 हा आकृतिबंध आला, आणि दहावीच्या परीक्षेनंतर विद्यार्थ्याने विज्ञान, वाणिज्य किंवा कला यांपैकी एक शाखा निवडायची, ही रीत पक्की झाली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नववी ते बारावी हा चार वर्षांचा एकच टप्पा मानून शाखांमधील कठोर भिंती काढण्याची शिफारस केली आहे. म्हणजे जे कन्याशाळांत दीर्घकाळ चालत आले, त्याच्याशी मिळतीजुळती कल्पना आता राष्ट्रीय धोरणात आली आहे. 2011 च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्यातील स्त्रीसाक्षरता सुमारे 66 टक्के होती आणि पुरुषांची सुमारे 82 टक्के. अशा जिल्ह्यात ही भिंत सर्वांत आधी मुलींच्या वाटेत उभी राहते.

शासनाने बाकीचे अडथळे बरेच कमी केले आहेत. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत नेतात. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ झाले. गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ 2011 पासून आहे, आणि आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आले आहे. परंतु त्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेण्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र असावेच लागते. परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या मुलीला कला शाखेतून एएनएम किंवा जीएनएम हे परिचर्येचे अभ्यासक्रम करता येतात, बी.एस्सी. नर्सिंग मात्र विज्ञानाशिवाय करता येत नाही. हा भेद दहावीच्या निकालानंतर कळून उपयोगाचा नसतो. 2025-26 पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाल्याने पसंतीक्रम आता संगणकावर भरावा लागतो, आणि तो भरण्याच्या किमान दोन वर्षे आधी, नववीतच, विषय आणि पुढचे मार्ग यांचा हिशेब मुलीसमोर व तिच्या आईवडिलांसमोर, त्यांना समजणाऱ्या भाषेत, मांडणारी एक जबाबदार शिक्षिका प्रत्येक आश्रमशाळेत आणि प्रत्येक माध्यमिक शाळेत नेमणे, हे काम येत्या शैक्षणिक वर्षातही सुरू करता येण्यासारखे आहे.