लीप वर्षात वॉरंटीचा एक दिवस कुठे गायब होतो?



समजा, तुमचं मिक्सर-पंख्यांचं छोटं दुकान आहे. 10 जून 2023 ला तुम्ही एक मिक्सर विकलात, वॉरंटी एक वर्षाची. म्हणजे शेवटचा दिवस 9 जून 2024. नेमकं त्याच दिवशी गिऱ्हाईक मिक्सर घेऊन दारात उभं. तुम्ही शीट उघडता, तर तिथे वॉरंटी 8 जूनलाच संपलेली! तुम्ही हात वर करता. पण बिल त्याच्या हातात आहे आणि बरोबरही तोच आहे. असं गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

चूक कुठे झाली? तुम्ही विक्रीच्या तारखेत 365 मिळवले आणि एक वजा केला. पण मध्ये 29 फेब्रुवारी 2024 येऊन गेला. ते वर्ष 366 दिवसांचं होतं.

एक्सेलला दोष देऊ नका. त्याच्यासाठी तारीख म्हणजे फक्त एक आकडा. 1 जानेवारी 2024 म्हणजे 45292, दुसऱ्या दिवशी 45293. 29 फेब्रुवारीही तो बरोबर मोजतो. ‘वर्ष म्हणजे 365’ हे आपण त्याला सांगितलं.

मग करायचं काय? आधी बिलावर किंवा करारात काय लिहिलंय ते वाचा.

मुदत महिन्यांत किंवा वर्षांत असेल तर ईडेट वापरा (ई, डी, ए, टी, ई, इंग्रजी अक्षरांत). विक्रीची तारीख बी2 मध्ये असेल, तर =ईडेट(बी2,12)-1 असं सूत्र. तीन वर्षांसाठी 12 च्या जागी 36. उत्तर 45452 असं दिसलं तर घाबरू नका. सेलचा फॉरमॅट ‘डेट’ करा, 9 जून 2024 दिसेल. गूगल शीट्समध्येही हेच चालतं.

मुदत दिवसांत असेल तर सरळ तेवढे दिवस मिळवा. उदाहरणार्थ, एमएसएमई विकास कायदा 2006 प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला पैसे देण्याची मुदत लेखी करार करूनही 45 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. माल 20 जानेवारी 2024 ला स्वीकारला, तर 45 दिवस 5 मार्चला भरतात. तोच माल 20 जानेवारी 2025 ला स्वीकारला, तर 6 मार्चला. म्हणून मागच्या वर्षीच्या शीटमधली तारीख तशीच उचलू नका. येणं तुमचं असो वा देणं, उशिरावर व्याज लागतं.

आता खरी गंमत. विक्रीच 29 फेब्रुवारी 2024 ची असेल तर? ईडेटने एक वर्ष पुढे गेलात की 28 फेब्रुवारी 2025 येतं. डेट फंक्शनमध्ये वर्षात एक मिळवून तीच तारीख बनवलीत, तर 1 मार्च 2025 येतं. डेटडिफला विचारलंत, तर 28 फेब्रुवारीला वर्ष पूर्ण झालेलंच नसतं, 1 मार्चला होतं. इथे शीट तुमचं भांडण सोडवणार नाही. नियम तुम्ही ठरवा. सगळ्यात सोपं म्हणजे बिलावर ‘एक वर्ष’ न लिहिता वॉरंटीची शेवटची तारीखच छापा.

आणि कुणी 29/02/2025 टाइप केलं तर? अशी तारीखच नाही, म्हणून शीट ती साधा मजकूर समजते आणि सेलच्या डाव्या बाजूला चिकटवते. तारीख डावीकडे दिसली की समजा, काहीतरी गडबड आहे.

पुढचा 29 फेब्रुवारी 2028 मध्ये आहे. त्याला ओलांडून जाणारे भाडेकरार, लायसन्स, वॉरंटी तुमच्या शीटमध्ये असतीलच. आज एवढंच करा: शीट उघडा, कंट्रोल आणि एफ दाबा, 365 शोधा. गूगल शीट्समध्ये सूत्रांच्या आत शोधण्याच्या पर्यायावर टिक करायला विसरू नका. जिथे 365 सापडेल, तिथे स्वतःला विचारा: मी दिवस मोजतोय की वर्ष?