पकड करणाऱ्याची पारख
[नभोवाणीवरील भाषण]

मार्च २०२४ मध्ये नगरच्या वाडिया पार्क मैदानावर पुरुषांची ७० वी राष्ट्रीय अजिंक्यपद कबड्डी स्पर्धा भरली होती. शहराचे नाव त्या वेळी अहमदनगर होते. आज ते अहिल्यानगर आहे. कबड्डीच्या सामन्यात टाळ्या कोणाला मिळतात, हे आपण कधी बारकाईने पाहिले आहे काय? चढाई करणारा गडी दोघांना बाद करून मध्यरेषेवर झेप घेतो, तेव्हा त्याला टाळी मिळते. कोपऱ्यातील रक्षक त्याचा घोटा धरून त्याला पालथा पाडतो, तेव्हा या रक्षकालाही टाळी मिळते. परंतु त्याच क्षणी तिसरा एक गडी मध्ये आडवा येऊन परतीची वाट अडवितो, आणि त्याने ती अडविली नसती तर धरलेला घोटा केव्हाच सुटला असता, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते. धूळ खाली बसते, पंच हात वर करतो आणि गुण घोट्याला हात घालणाऱ्याच्या नावावर जमा होतो.

आजचा माझा विषय हाच आहे. शाळा-महाविद्यालयांतून पुढे येणाऱ्या पकडीच्या खेळाडूची पारख कशी करावी? हा प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाही. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तेव्हापासून कबड्डी हा उपजीविकेचा मार्ग झाला आहे. श्रीरामपूर तालुक्यातील टाकळीभानचा अस्लम इनामदार पुणेरी पलटणचा कर्णधार झाला आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सवर २८ विरुद्ध २५ गुणांनी विजय मिळवून त्याने पुण्याला पहिले विजेतेपद मिळवून दिले. त्यापूर्वीच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. असे उदाहरण डोळ्यांसमोर असता, जिल्ह्यातील किती घरांतून आज 'मुलाने कॉलेज करावे की मैदान?' हा वाद चालू असेल, याची कल्पना आपण सहज करू शकाल. मुलाची पारख चुकली तर संघाचे फार तर काही लाख रुपये जातात. मुलाची मात्र उमेदीची वर्षे जातात.

प्रथम मैदान पाहू. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. मध्यरेषेने त्याचे दोन भाग होतात. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा आणि तिच्या पलीकडे १ मीटरवर बोनस रेषा असते. सात रक्षक अर्धवर्तुळात उभे राहतात. दोन टोकांना डावा व उजवा कोपरारक्षक, आणि त्यांच्या दरम्यान दोन मध्यरक्षक व उरलेले तिघे. कोपरारक्षकाचे काम सुऱ्याचे आहे, मध्यरक्षकाचे दाराचे. चढाई करणारा बोनससाठी पाय टाकतो, किंवा हात लावण्यासाठी झुकतो, त्या अर्ध्या क्षणात कोपरारक्षक घोट्यावर किंवा मांडीवर झडप घालतो. मध्यरक्षक धडक मारून त्याला मैदानाबाहेर लोटतो, अथवा मध्यरेषेकडील वाट बंद करतो. एकाने धरावे आणि दुसऱ्याने सुटू देऊ नये, अशी ही भागीदारी आहे. हिशेब मात्र पुष्कळदा एकाच भागीदाराच्या नावावर लिहिला जातो.

आता आकड्यांकडे वळू. निवड करणाऱ्याच्या हाती प्रथम आकडाच येतो: या मुलाने अमुक सामन्यांत पकडीचे इतके गुण मिळविले. तो आकडा खोटा नसतो, परंतु अपुरा असतो. समजा, दोन कोपरारक्षक दहा-दहा सामने खेळले. पहिल्याने ७० वेळा पकडीचा प्रयत्न केला आणि ३० वेळा तो यशस्वी झाला. दुसऱ्याने ४० वेळाच हात घातला आणि २४ वेळा त्याला यश आले. तक्त्यात पहिला वर दिसेल. पण पकड फसली की चढाई करणाऱ्याला निदान एक गुण मिळतो, आणि हात घालणारा स्वतः बाद होऊन बाहेर बसतो. पहिल्याने ३० गुण मिळविले व ४० दिले. दुसऱ्याने २४ मिळविले व १६ दिले. शिवाय पहिला ४० वेळा बाहेर बसला, आणि तितक्या वेळा त्याचा कोपरा दुसऱ्या कोणाला सांभाळावा लागला. दोघांपैकी संघाला कोण हवा, हे सांगण्यास गणिताच्या पदवीची आवश्यकता नाही.

दुसरी सूक्ष्म गोष्ट अव्वल पकडीची. मैदानावर तीन किंवा त्याहून कमी रक्षक उरले असताना पकड झाली, तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. हे धैर्याचे काम खरे. परंतु ज्याच्या नावावर अशा पकडी पुष्कळ असतात, तो बहुधा अशा संघात खेळत असतो की ज्याचे गडी वरचेवर बाद होतात. त्याचे ५० गुण असले आणि त्यांत १० अव्वल पकडी असल्या, तर प्रत्यक्ष पकडी ४० च झाल्या. भरभक्कम संघात गेल्यावर त्याला तशी संधी कमी मिळेल आणि त्याचा आकडा घसरेल. खेळ बिघडलेला नसेल. परिस्थिती तेवढी बदललेली असेल.

तिसरी गोष्ट, एका हंगामावर विश्वासण्याची. २०१८-१९ च्या हंगामात यू. पी. योद्धाच्या नितेश कुमारने पकडीचे १०० गुण मिळविले. एका हंगामात शंभरी गाठणारा तो पहिलाच रक्षक होय. पुढच्याच हंगामात त्याला ती संख्या गाठता आली नाही. तो रातोरात वाईट खेळाडू झाला नव्हता. चढाई करणारे त्याचा कोपरा टाळू लागले, त्याची लकब ओळखू लागले, की गुण आपोआप आटणारच. किंबहुना, ज्याच्या बाजूला कोणी जातच नाही, त्या रक्षकाने गुण न मिळविताच अर्धे मैदान राखलेले असते.

हा प्रश्न केवळ आपल्या मातीतला आहे, असे मात्र नव्हे. अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो दांडगाईचा खेळ खेळतात, त्यात संरक्षक फळीच्या ऐन मध्यभागी 'डिफेन्सिव्ह टॅकल' नावाचा धिप्पाड गडी असतो. समोरच्या दोघा गड्यांना अंगावर घेऊन त्याने जागा अडवून धरावी आणि शेजाऱ्याने मोकळेपणी धावत जाऊन चेंडूवाल्याला पाडावे, असा पुष्कळदा बेत असतो. पाडणाऱ्याचे नाव तक्त्यात येते. अडविणाऱ्याचे येत नाही. आपल्या मध्यरक्षकाचा हा सख्खा भाऊच म्हणावयाचा! तेथील व्यावसायिक संघ दर वर्षी महाविद्यालयांतून खेळाडू निवडतात आणि त्यापूर्वी त्यांची काटेकोर मोजमापे घेतात: उंची, वजन, ४० यार्डांची धाव, १०२ किलो वजन किती वेळा उचलले, इत्यादि. २०१४ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाचा अॅरन डोनल्ड या जागेसाठी उंचीने व वजनाने कमी समजला गेला आणि निवडीत त्याचा क्रमांक तेरावा लागला. पुढे २०१७, २०१८ व २०२० असा तीन वेळा तो त्या लीगचा सर्वोत्कृष्ट संरक्षक ठरला. मोजपट्टीने शरीर मोजले होते. पहिल्या पावलाचा वेग आणि हातांची चलाखी ज्यांना दिसली, त्यांनाच तो खेळाडू कळला होता.

आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचे तर इराणच्या महम्मदरझा शादलूचे घ्यावे. २०२१ च्या लिलावात पाटणा संघाने त्याला ३१ लाख रुपयांत घेतले. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुण्याने त्याच खेळाडूसाठी २ कोटी ३५ लाख मोजले. त्या हंगामात डाव्या कोपऱ्यावरून त्याने पकडीचे ९९ गुण मिळविले व पुणे विजेते झाले. हे श्रेय त्याचे आहेच. परंतु त्याच संघात अबिनेश नादराजन व संकेत सावंत यांच्यासारखे मध्यरक्षक होते आणि दुसऱ्या कोपऱ्यावर गौरव खत्री होता. ज्याच्या शेजारी दार घट्ट लावणारा माणूस आहे, तो कोपरारक्षक अधिक धीटपणाने झेप घेतो. तेव्हा कोणाचाही आकडा वाचताना शेजारी कोण होता, हे विचारल्यावाचून पुढे जाऊ नये.

मग पाहावे तरी काय? माझ्या मते पाच गोष्टी पाहाव्यात.

पहिली, त्याचा संयम. चढाई तीस सेकंदांची असते. हात घालण्याचा मोह प्रत्येक क्षणी होतो. जो मुलगा वीस सेकंद थांबून एकविसाव्याला झेप घेतो, त्याला खेळ कळलेला आहे.

दुसरी, पकड धरल्यानंतरचे दोन क्षण. घोटा हाती येणे हा निम्माच विजय होय. पाय ओढून घेतला जात असता जो छातीने व खांद्याने भार टाकतो, त्याची पकड मोठ्या गड्यांविरुद्धही टिकेल. जो केवळ मनगटाच्या बळावर धरतो, त्याची टिकणार नाही.

तिसरी, स्वतःची पकड नसताना तो काय करतो. पकड उजवीकडे झाली असता डावीकडचा मुलगा उभा राहून पाहतो, की साखळी जोडून धावतो? ही गोष्ट तक्त्यात कधीच सापडत नाही. त्यासाठी सामनाच पाहावा लागतो, आणि तोही चढाई करणाऱ्यावरची नजर काढून.

चौथी, समोर कोण होते. गावच्या जत्रेतील सामन्यात दहा पकडी करणे निराळे आणि राज्य स्पर्धेत तीन करणे निराळे. माती आणि मॅट यांतही अंतर आहे. मॅटवर बूट घालून खेळणारा गडी फार झटकन वळतो. मातीवर अनवाणी खेळून तयार झालेल्या मुलाला तो वेग अंगवळणी पडण्यास काही महिने द्यावे लागतात. एखाद्या दिवसाच्या चाचणीत त्याला नापास करणे अन्यायाचे होईल.

पाचवी, चुकल्यानंतरचे वर्तन. पकड फसून बाहेर बसलेला मुलगा परत आल्यावर चिडून लगेच पुन्हा हात घालतो काय? तसे असेल, तर शरीर तयार झाले आहे, मन व्हावयाचे आहे, असे समजावे.

आपल्यापैकी पुष्कळ घरांतून तरुण मंडळी कागदावर आपापला काल्पनिक संघ निवडतात व प्रत्यक्ष सामन्यातील कामगिरीवरून गुण मोजतात. पैसे लावून असे खेळ इंटरनेटवर खेळविण्यास ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने मनाई झाली, हे योग्यच झाले. परंतु घरगुती हौसेला हरकत नाही, आणि त्यासाठी एक व्यवहाराची सूचना करतो. या खेळात बहुधा पकडीच्या गुणांनाच मोल असते. अडविणाऱ्याला काही मिळत नाही. म्हणून काल्पनिक संघात वारंवार हात घालणारा कोपरारक्षक घेणे शहाणपणाचे. खऱ्या संघात मात्र त्याच्या शेजारचा मध्यरक्षक प्रथम शोधावा. खेळाची वही आणि मैदानाची वही या दोन निरनिराळ्या वह्या आहेत. त्यांची गल्लत झाली, म्हणजे घरातील मुले तक्त्यावरून माणसांची किंमत करू लागतात, आणि तेवढेच मला खटकते.

शेवटी आईवडिलांसाठी दोन शब्द. पकड हे काम अनुभवाने पिकते. फजल अत्राचली २०१५ मध्ये मुंबईच्या संघातून या लीगमध्ये आला आणि २०२५ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, विजेत्या दिल्ली संघातही तो होता. सर्वांनाच असे भाग्य लाभते असे नाही. परंतु ज्या कामात दहा वर्षांनंतरही माणूस उपयोगी पडतो, त्यासाठी अठराव्या वर्षी परीक्षा सोडण्याची घाई कशाला? मुलगा निवडला गेला नाही, तर त्याचे गुण किती झाले एवढेच विचारू नका. त्याच्या प्रशिक्षकाला विचारा: 'याच्या शेजारी खेळणाऱ्या मुलांच्या पकडी वाढल्या का?' उत्तर होकारार्थी आले, तर मुलाला आणखी दोन वर्षे मैदानावर जाऊ द्या, आणि कॉलेजातही जाऊ द्या. त्याचे नाव तक्त्यात उशिरा येईल. पण ज्यांना दार लावणारा गडी हवा असतो, ते त्याला शोधीत येतील.